स्कीचं वॅक्स कुठे चुकतं? गुलमर्गला निघण्याआधी या चुका टाळा

उतार असूनही स्की ओढत नेल्यासारखी वाटते, थोडी सपाटी आली की काठ्यांनी रेटावं लागतं आणि शेजारून शाळकरी पोरं सुसाट निघून जातात. आपण आधी गुडघ्यांना दोष देतो, मग भाड्याच्या स्कीला. पण बऱ्याचदा तळाला वॅक्सच (स्की घसरावी म्हणून इस्त्रीने वितळवून लावतात ते मेण) नसतं, किंवा असतं ते त्या दिवशीच्या बर्फाला चालणारं नसतं.

सगळ्यांत जास्त लोक फसतात ते मोबाइलवरचं तापमान बघून. तिथे दिसतं हवेचं तापमान, आणि स्की घसरते बर्फावरून. दुपारी हवा ८ अंशांवर गेली तरी बर्फ शून्याच्या वर जात नाही, आणि सावलीतला उतार तर रात्रीची थंडी दुपारपर्यंत धरून असतो. त्यात काही कंपन्या वेष्टनावर हवेचं तापमान छापतात, काही बर्फाचं. ती बारीक अक्षरं दुकानातच वाचून घ्या.

थंड बर्फाचे कण टोकदार आणि कडक असतात. मऊ वॅक्समध्ये ते रुततात आणि स्की अडखळते, म्हणून तिथे कडक वॅक्स लागतं. शून्याच्या आसपासच्या बर्फात अडचण पाण्याची असते. ओल्या काचेवर दुसरी काच ठेवावी तसा तळ बर्फाला धरून बसतो, आणि पाणी झटकणारं मऊ वॅक्स असेल तरच सुटतो.

आता गुलमर्गचा पेच बघा. गाव साधारण २,६५० मीटरवर, आणि गोंडोलाचा (केबल कारचा) दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या अंगाला ३,९०० मीटरच्याही वर सोडतो. दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंश उतरतात असं धरलं, तर वर-खाली आठेक अंशांचा फरक पडतो. वर कोरडा भुसभुशीत बर्फ, खाली शिकाऊ उतारांवर दुपारी चिखलासारखा ओला बर्फ. एकाच वॅक्सने दोन्ही नीट साधत नाही. कोणतं घ्यावं असा प्रश्न पडला की मी थंडीकडचं घ्यायला सांगतो. कडक वॅक्स ओल्या बर्फात जरा मंद चालतं, इतकंच. मऊ वॅक्स थंड बर्फात ब्रेक लावल्यासारखं धरतं. दिवसभर खालच्या उतारांवरच राहणार असाल आणि मार्च लागला असेल, तर मात्र मऊ वॅक्सच बरं.

रंगावर विसंबणं ही दुसरी चूक. स्विक्स कंपनीचं लाल वॅक्स शून्याच्या आसपासच्या बर्फासाठी असतं. टोको कंपनीचं लाल उणे ४ ते उणे १२ साठी. मित्राने ‘लाल आण’ सांगितलं आणि दुकानात दुसरीच कंपनी मिळाली, तर अख्खी सुट्टी चुकीच्या वॅक्सवर जाते. रंग सोडा, आकडे बघा.

बर्फाचं वयही मोजा. ताजा पडलेला बर्फ टोकदार, म्हणून तापमान तेच असलं तरी एक पायरी कडक वॅक्स. जुना, पुन्हापुन्हा गोठलेला बर्फ गोलसर दाण्यांचा होतो. यंत्राने बनवलेला बर्फ तळ फार घासतो. दुबईच्या बंदिस्त उतारावर सराव करून येणाऱ्यांनी तळ लवकर कोरडा पडतो, म्हणजे त्यातलं वॅक्स संपतं, हे लक्षात ठेवावं.

ऑनलाइन मागवताना आणखी एक घोटाळा होतो. क्रॉस-कंट्रीच्या (सपाटीवर चालत-घसरत जाण्याच्या) क्लासिक स्कीला मधल्या भागात पकडीसाठी चिकट वॅक्स लावतात. ते उतारावरच्या स्कीला किंवा स्नोबोर्डला लावलंत, तर जागचे हलणार नाही. आपल्याला हवं ते घसरणीचं वॅक्स. आणि जुन्या साठ्यातलं फ्लोरोकार्बनवालं वॅक्स स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. त्यातली रसायनं निसर्गात वर्षानुवर्षं तशीच राहतात आणि इस्त्री जास्त तापली तर वाफही घातक. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून स्पर्धांत त्यावर पूर्ण बंदी आणली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑस्ट्रियातल्या सोल्डनच्या शर्यतीत नॉर्वेची स्कीपटू रॅग्नहिल्ड मोविंकेल याच कारणाने बाद झाली.

खरं सांगायचं तर वर्षातून एकदा जाणाऱ्याला सगळ्या तापमानांना चालणारं एक साधं युनिव्हर्सल वॅक्स पुरतं. चार रंगांचा संच शर्यतीवाल्यांसाठी. स्नोबोर्डलाही हेच वॅक्स चालतं, फक्त तळ रुंद म्हणून जास्त लागतं.

वॅक्स बरोबर आणि तरी स्की चालत नाही? तळ उलटा करून बघा. कडांजवळ पांढरट, केसाळ पट्टा दिसला तर तळ कोरडा आहे. भाड्याच्या स्कीवर हे सर्रास दिसतं. तीच जोडी घेण्याआधी बदलून मागा. तळावर काळपट मळ असेल, तर मऊ वॅक्स इस्त्रीने लावून गरम असतानाच खरवडा, मळ त्याच्याबरोबर निघतो. वॅक्स लावल्यावर पहिल्या दोन उतारांत स्की मंद वाटली, तर बहुधा खरवडणं अर्धवट राहिलंय. जाड थर ठेवला की जास्त टिकेल हा गैरसमज आहे. घसरायला तळात मुरलेलं वॅक्स पुरतं. तळ पूर्ण थंड झाल्यावर प्लास्टिकच्या पट्टीने शेंड्याकडून शेपटीकडे खरवडा आणि ब्रश मारा.

घरच्या इस्त्रीने भागवू नका. तिचं तापमान वर-खाली होत राहतं आणि वाफेच्या भोकांत वॅक्स अडकतं. धूर निघाला की इस्त्री जास्त तापली. तळ पॉलिथिलीनचा असतो, एका जागी इस्त्री टेकवून ठेवली तर तो जळतो. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली वॅक्सची इस्त्री बहुतेक ११०-१२० व्होल्टची असते, ती थेट आपल्या प्लगात लावू नका. ज्वलनशील स्प्रे विमानात नेता येत नाहीत, घन वडी नेता येते.

स्वतःची स्की मुंबई-कोकणात ठेवत असाल तर परतल्यावर तळ आणि लोखंडी कडा कोरड्या करून त्यांवर वॅक्सचा जाड थर द्या आणि तो खरवडू नका. पावसाळ्यात कडांना गंज धरत नाही. पुढच्या हंगामात निघण्याआधी तेवढा थर काढला की झालं.