नवरा किंवा बायको जर्मन असेल तर सोलापुरातून जर्मनीला राहायला आणि कामाला कसं जायचं

लग्न झालं की जर्मनीला जायला मोकळे असं नसतं, बरेच जण तिथंच फसतात. लग्न हा फक्त अर्जाचा आधार, व्हिसा वेगळा काढावा लागतो. टूरिस्ट व्हिसावर जा, तिकडं गेल्यावर बघू, असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका, इथूनच फॅमिली रियुनियनचा, म्हणजे जोडीदाराजवळ राहायला जाण्याचा, नॅशनल व्हिसा (जास्त दिवस राहण्याचा) घेऊन निघायचं.

लग्न सोलापुरातच करणार असाल तर १९५४ च्या स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली करा, दोघांपैकी एकजण जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला पाहिजे, नोटीस दिल्यावर परत ३० दिवस थांबायचं आणि लग्नाला तीन साक्षीदार लागतात. म्हणजे जोडीदार पंधरा दिवसांची सुट्टी काढून येणार आणि तेवढ्यात सगळं उरकणार हे जमत नाही, तारखा आधीच जुळवून ठेवा.

आता नावाचं. सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो बघा. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मधे, आधारवर नवऱ्याचं, पासपोर्टवर आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक ए जास्त, आणि जुन्या कागदावर गावाचं नाव शोलापूर. आपल्याकडं क्लार्क “एकच आहे की” म्हणून पुढं सोडतो, पण तिकडं कागद पासपोर्टशी अक्षर न् अक्षर लावून बघतात. म्हणून पासपोर्ट हा पाया धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्या, महानगरपालिकेतून जन्मदाखला दुरुस्त करायचा असेल तर अर्ज भरायच्या आधी, नंतर नाही. आणि लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, व्हिसाच्या तोंडावर घरचे म्हणतात म्हणून बदलायला जाऊ नका.

जर्मन भाषेची ए१, म्हणजे सगळ्यात पहिल्या पातळीची, परीक्षा पास झाल्याचं सर्टिफिकेट लागतं. जोडीदार जर्मन नागरिक नसून तिथं ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी कामगारांचं परमिट) काम करणारा असेल तर ही अट नाही, हे आधी तपासा, उगाच क्लासचे पैसे जातील. परीक्षा पुण्यात मॅक्स म्युलर भवनात देता येते, सकाळची हुतात्मा एक्सप्रेस सोयीची, पण मी तरी आदल्या दिवशीच जा म्हणेन. १०० पैकी ६० मार्कांना पास. बोलण्याच्या भागात स्वतःची ओळख करून द्यायची, मग एखादा शब्द स्पेल करायला लावतात आणि एखादा नंबर सांगायला. इथंच लोक अडकतात कारण अक्षरं इंग्रजीच्या उच्चारात तोंडात बसलेली असतात. तेव्हा स्वतःचं आडनाव, गाव, मोबाइल नंबर जर्मनमध्ये रोज मोठ्यानं म्हणा. आकड्यांना घाबरू नका, आपल्या पंचेचाळीससारखंच आधी पाच मग चाळीस, इंग्रजीवाल्यांपेक्षा आपल्याला सोपं जातं.

महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटकडे जातात. जर्मन नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला व्हिसाची फी माफ आहे, अर्ज घेणाऱ्या व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज काय तो वेगळा. त्यामुळं एजंट व्हिसा फी म्हणून मोठी रक्कम मागत असेल तर सरळ उठून या. कागद पुढं तिथल्या गावातल्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसकडे विचारायला जातात, त्यात महिने जाऊ शकतात, पासपोर्टवर व्हिसा चिकटल्याशिवाय नोकरीचा राजीनामा देऊ नका, तिकीटही काढू नका.

पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, तिला आनमेल्डुंग म्हणतात, घरमालकाचं सहीचं पत्र त्याला लागतंच. नंतर पोस्टानं ११ अंकी टॅक्स नंबर येतो. जोडीदार सरकारी आरोग्य विम्यात असेल तर तुमची कमाई सुरू होईपर्यंत त्याच विम्यात तुम्ही फुकट येता. मग रेसिडेन्स परमिट, आणि या परमिटवर काम करायची मुभा असते, वेगळं वर्क परमिट लागत नाही.

आपली डिग्री तिथं मानली जाते का ते बघायला अनाबिन नावाचा जर्मनीचा सरकारी डेटाबेस आहे, त्यात तुमची युनिव्हर्सिटी आणि कोर्स शोधा. सोलापूर विद्यापीठ २००४ चं, त्याआधी पास झालेल्यांच्या डिग्रीवर शिवाजी विद्यापीठ असतं, ते नाव शोधायचं. नर्स, डॉक्टर, शिक्षक यांना डिग्रीची मान्यता घेतल्याशिवाय त्या पदावर काम करता येत नाही, आणि भाषाही ए१ वर भागत नाही. म्हणून मी कळकळीनं सांगते, व्हिसाची वाट बघत घरी बसलाय तो वेळ बी१ च्या, म्हणजे ए१ पेक्षा दोन पायऱ्या वरच्या, अभ्यासाला द्या. तीन वर्षांनी कायमचं परमिट मागताना तेच बी१ लागणार आहे.

अजून एक, खास मुलींसाठी. पहिली तीन वर्षं तुमचं तिथलं राहणं जोडीदाराबरोबरच्या संसारावर टिकून असतं, आणि हीच भीती घालून काहींना मारहाण सोसायला लावतात. कौटुंबिक हिंसाचार असेल तर तीन वर्षं पूर्ण नसतानाही स्वतंत्र परमिट मागता येतं, कायद्यात तशी सोय आहे. पासपोर्ट स्वतःच्या ताब्यात ठेवा, बँकेत स्वतःच्या नावानं खातं काढा आणि ११६०१६ हा हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचा जर्मनीतला मदतीचा नंबर पाठ करा, चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि जर्मन येत नसलं तरी बोलता येतं.