टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका

रेशीमशेती करायची म्हटलं की तुतीची लागवड, शेडची मापं, अनुदानाची फाईल हे तुम्हाला माहीत असेलच. मी उजेडाबद्दल लिहितोय, कारण माझी रेशीम अळ्यांची पहिली बॅच त्यानंच गेली.

आमचं गाव माजलगाव तालुक्यात. चॉकीच्या, म्हणजे थोड्या वाढवून विकत मिळणाऱ्या लहान अळ्यांचे पैसे वाचवायला मी थेट अंडीपुंज, म्हणजे रेशीम पतंगाची अंडी आणली. 25 अंश तापमान, 80 टक्के आर्द्रता, सगळं सांभाळलं. पण जीव राहवेना, म्हणून दर दोन तासांनी मोबाईलचा टॉर्च लावून अंडी बघत बसलो. तिथंच घात झाला.

हे दोनदा वाचा. अंड्यावर टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसला की साधारण 48 तासांत अळी निघते. ठिपका दिसताच अंडी काळ्या कागदात गुंडाळून पूर्ण अंधारात ठेवायची. पुढं गेलेल्या अळ्या अंधारात थांबून राहतात, मागच्या त्यांना गाठतात. ठरल्या दिवशी पहाटे उजेड दाखवला की काही तासांत बहुतेक एकदम फुटतात. मधेच उघडलं तर पुढच्या निघून जातात. माझ्या तीन दिवस निघत होत्या.

पुढं एकाच रॅकवर काही अळ्या डोकं वर करून कातीवर, म्हणजे कात टाकायला न हलता बसलेल्या, शेजारच्या मात्र पाल्यासाठी वळवळणाऱ्या. पाला टाकावा तर बसलेल्या त्याखाली दबतात, न टाकावा तर बाकीच्या उपाशी. कातीच्या वेळी अळ्यांची जागा कोरडी ठेवायला चुना मारतात, तो कधी मारायचा तेही कळेना. रात्री शेडमध्ये रडलो.

"चोवीस तास बल्ब ठेव, लवकर वाढतात," असं एका ओळखीच्यानं सांगितलं होतं. अजिबात ऐकू नका. सततच्या उजेडात वाढ लांबते, कोषाचं वजन घटतं. लहान अळ्यांना 8 तास मंद उजेड आणि 16 तास अंधार, मोठ्यांना याच्या उलट. सल्ला देणाऱ्याच्या स्वतःच्या शेडमध्ये आज अळ्या आहेत का, एवढं आधी विचारा.

अळ्या कोष विणायला ठेवतात त्या चंद्रिकेवरही उजेड सगळीकडं सारखा आणि मंद हवा. एका बाजूनं ऊन आलं की अळ्या सावलीकडं गर्दी करतात, दोघी मिळून एकच कोष विणतात. जालन्याच्या बाजारात अशा डबल कोषाला भाव पडतो. आम्ही पश्चिमेला पोत्यांचे पडदे लावले.

घाबरू नका, हे सगळं जमतं. पहिलं वर्ष मात्र चॉकीच घ्या. मी दुसऱ्यांदा अंडी आणली तेव्हा काळा कागद बायकोच्या ताब्यात दिला. तिनं तो पहाटे साडेपाचला उघडला. नऊपर्यंत अख्ख्या कागदावर केसासारख्या बारीक काळ्या अळ्या वळवळत होत्या.