पाय आधी, पाणी नंतर

चाळ पुनर्विकासाला गेली आणि आम्ही भायखळ्याहून विरारला आलो. सव्वीस वर्षं एकाच मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संडे स्कूल घेतलं. इथे आल्यावर प्रार्थनेला शब्दच सुचेनात. अशा मधल्या दिवसांत पाऊल कसं टाकायचं, ते माझ्या चुकांसकट सांगते.

जुनी मंडळी सोडताना गुपचूप गळू नका. मी तीन रविवार तसं केलं, मग लाज वाटून पाळकसाहेबांच्या घरी गेले. चहा झाला, त्यांनी प्रार्थना केली, सभासदत्वाचं पत्र दिलं. त्या पत्राने मन मोकळं झालं.

आता बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय काढा. इस्राएल लोकांना नदी ओलांडून वचनदत्त देशात जायचं होतं. कापणीच्या दिवसांत यार्देन नदी दुथडी भरलेली. लोक आधी काठावर तीन दिवस मुक्कामाला होते, हे आपण वाचताना विसरतो. म्हणजे थांबायला हरकत नाही, पण थांबण्याला तारीख हवी. मी कॅलेंडरवर महिनाअखेर खूण केली. आणि नदीचं पाणी अडलं ते देवाच्या कराराचा कोश, म्हणजे पवित्र पेटी, वाहणाऱ्या याजकांचे पाय भिजल्यावर.

खुणा मागत बसू नका. बायबलमधल्या गिदोनाने देवाचा होकार पडताळायला रात्री दवात लोकर दोनदा ठेवली, मान्य. मी म्हटलं होतं, आज विरार लोकलमध्ये बसायला मिळालं तर देवाचा होकार समजेन. त्या हिशेबाने मी जन्मभर घरीच बसले असते!

पाऊल आपल्या पायाच्या मापाचं टाका. ‘सेवा सुरू करायची’ हे माप नव्हे. आमच्या इमारतीत पाणी साडेपाचला येतं, म्हणून मी गुरुवारी साडेचारला शेजारच्या तिघींना प्रार्थनेला बोलावलं. पहिल्या गुरुवारी एकच आली, तीही गॅसवाल्याचा नंबर विचारायला. तिलाच बसवलं, एक स्तोत्र वाचलं. निदान सहा गुरुवार तरी चालू द्या, मग हिशेब करा.

नोकरी सोडण्याइतकं मोठं पाऊल असेल तर तोंडावर ‘नको’ म्हणू शकेल अशा दोघांना आधी विचारा. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. मिशन सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला तो १९१७ मध्ये. मधली बावीस वर्षं काही वाया गेली नाहीत.

इस्राएल लोकांनी आठवण म्हणून यार्देनेतून बारा धोंडे उचलून आणले होते, तशी एक वही ठेवा. जे घडलं ते तारखेसह लिहा. माझ्या वहीत चार नोंदी झाल्यात. चौथी अशी: गॅसवाली शेजारीण म्हणाली, भजनाला पेटी हवी. आमची पेटी अजून भायखळ्याला दिराकडे आहे. शनिवारी लोकलच्या मालडब्यातून आणणार आहोत.