प्रोजेक्टचा कच्चा मसुदा: सुरुवात मधूनच करा

बहुतेकांचा प्रोजेक्ट अडतो तो प्रस्तावनेच्या पहिल्याच ओळीवर. म्हणून ती शेवटी लिहायची. विषय धरू धुळे जिल्ह्यातल्या पांझरेवरच्या फड बागायतीचा: नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली फड म्हणजे शेतांचे गट, एका फडात सगळ्यांचं एकच पीक आणि पाणी सोडायला गावानेच नेमलेला पाटकरी.

आधी प्रश्न एका ओळीत मांडा. ‘फड पद्धतीचा अभ्यास’ हा प्रश्न नव्हे. ‘पाणी कमी पडलं की कोणत्या फडाला द्यायचं, हे कोण ठरवतं?’ हा झाला प्रश्न. तो कागदाच्या डोक्यावर लिहून ठेवा. ज्या टिपणांचा त्याच्याशी संबंध नाही, ती कितीही गोड वाटली तरी बाजूला काढा. उरलेल्या प्रत्येक टिपणावर गाव, तारीख किंवा पुस्तकाचं पान हवंच. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात बसून उतरवून घेतलं आणि पान क्रमांकच राहिला, तर त्यासाठी पुन्हा एसटी पकडावी लागते.

आता थेट निरीक्षणं लिहायला घ्या. खरा अहवाल इथेच असतो, त्यामुळे सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलं, लोकांनी काय सांगितलं आणि त्यावरून तुम्हाला काय वाटतं. ‘पाणी सगळ्यांना सारखं मिळतं’ आणि ‘पाणी सगळ्यांना सारखं मिळतं, असं पाटकऱ्याने सांगितलं’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गावातले एखादे बाबा अहिराणीत बोलले असतील तर कच्च्या मसुद्यात त्यांचे शब्द अहिराणीतच ठेवा. प्रमाण मराठी पुढच्या खेपेला करता येते. घाईत केली की बोलण्यातला टोमणा हमखास गळतो.

लिहिताना थांबू नका. आकडा आठवत नसेल तर ‘[इथे क्षेत्र]’ असं लिहून पुढे चला. अंदाजाने आकडा मात्र टाकू नका, तो तसाच छापला जातो. शुद्धलेखनही नंतर बघू.

अभ्यासपद्धतीला एक पान पुरे: कुठे गेलात, कधी, कोणाशी बोललात, काय विचारलं. पाटाच्या टोकाच्या शेतकऱ्यांना भेटलाच नसाल तर तेही लिहा. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येऊ शकतो.

मग निष्कर्ष, म्हणजे वरच्या प्रश्नाचं उत्तर. ते अर्धवट असेल तर अर्धवटच द्या. प्रस्तावना आता सोपी जाते: जागा कोणती, प्रश्न काय, तो का पडला. त्यात ‘पाणी म्हणजे जीवन’ आलं तर खुशाल खोडा; परीक्षकांनी ते त्या दिवशी आधीच कितीदा तरी वाचलेलं असतं.

दोन दिवस मसुद्याला हात लावू नका. नंतर मोठ्याने वाचा, जीभ अडखळेल तिथे खूण करा आणि चौकोनी कंस भरून तो गाईडकडे न्या. डबल स्पेसमध्ये प्रिंट काढलीत तर त्यांना लाल पेन चालवायला जागा राहते.