जुनी गाडी ऑइल खाते? इंजिन उघडण्याआधी या चुका टाळा

दहा-पंधरा वर्षं चाललेली गाडी ऑइल खायला लागली की गॅरेजमधलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "साहेब, रिंगा गेल्या. इंजिनचं काम काढावं लागेल." कधी कधी ते खरंही असतं. पण ऑइल जायच्या वाटा बऱ्याच आहेत, रिंगा (पिस्टनभोवतीच्या धातूच्या कड्या) ही त्यातली शेवटची आणि सगळ्यात महागडी. आधीच्या काही वाटा एखाद्या पॅकिंगवर किंवा रबरी पाइपवर बंद होतात. त्या न बघता इंजिन खाली उतरवलं की पैसे तर जातातच, आणि वर ऑइल जायचं ते जातच राहतं. इथे जे लिहिलंय ते मारुती 800, झेन, सँट्रो, वॅगनआर अशा जुन्या पेट्रोल गाड्या डोळ्यांपुढे ठेवून. डिझेलचं थोडं शेवटी आहे.

न मोजताच "खूप खाते" म्हणणं

"मागच्या सर्व्हिसिंगला फुल्ल केलं होतं, आता दांडीला (ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीला) ऑइलच लागत नाही." बरं, पण सर्व्हिसिंग होऊन किती किलोमीटर झाले? 10,000 किलोमीटरमध्ये एक लिटर गेलं असेल तर हजाराला 100 मिली झालं. जुन्या इंजिनासाठी ही तक्रारच नव्हे. काही कंपन्यांची मॅन्युअल्स हजार किलोमीटरला अर्धा लिटर, तर काहींची चक्क एक लिटरपर्यंत चालवून घेतात. माझ्या मते हा आकडा कंपनीने स्वतःच्या सोयीने सैल ठेवलेला आहे, पण घाबरायचं कधी याचा अंदाज त्यावरून येतो. हजाराला 300 मिलीच्या आत असेल तर डिकीत डबा ठेवा आणि भरत राहा. अर्ध्या लिटरच्या पुढे गेलं की कारण शोधायला लागा.

मोजायची पद्धत सोपी आहे, फक्त दर वेळी तीच हवी. गाडी सपाट जागी, इंजिन गरम, बंद करून दहा मिनिटं झालेली. दांडी काढायची, पुसायची, पूर्ण आत घालायची, मग पुन्हा काढून बघायची. वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा आणि मीटरचा आकडा लिहून ठेवा. हजार किलोमीटर झाले की त्याच जागी उभी करून पुन्हा बघा आणि खुणेपर्यंत यायला किती लागलं ते मापाने भरा. बहुतेक छोट्या गाड्यांत दांडीवरच्या दोन खुणांमध्ये पाऊण ते एक लिटरचा फरक असतो. त्यामुळे "अर्धी दांडी उतरली" म्हणजे साधारण किती, तेही कळतं.

यात दोन ठिकाणी फसगत होते. एक, ऑइल वरच्या खुणेच्याही वर भरलेलं असतं. "थोडं जास्त असू दे" म्हणून भरणारे बरेच असतात. ते ऑइल क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनचा दांडा) घुसळतो, त्याला फेस येतो, ब्रेदरमधून (इंजिनच्या पोटातला दाब बाहेर सोडणाऱ्या पाइपातून) ते इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जाण्याच्या वाटेत, जातं आणि जळतं. म्हणजे जास्तीचं होतं तेवढंच गेलं, आणि आपल्याला वाटतं गाडी खायला लागली. दुसरी फसगत याच्या उलटी. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर इंजिन नीट तापत नाही आणि न जळलेलं पेट्रोल चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात) उतरतं. ऑइल कमी होत असतं, पण पेट्रोलने पातळी भरून निघते. मग एक दिवस तुम्ही कोल्हापूरला जाऊन येता, गरम ऑइलमधलं पेट्रोल उडून जातं आणि दांडी एकदम खाली दिसते. दांडीला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी उलट वाढलेली असेल, तर कार्बोरेटरच्या जुन्या 800 मध्ये पेट्रोल पंपाचा पडदा फाटलाय का ते आधी बघा.

आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा म्हणजे दांडी नव्हे. तो ऑइलचं प्रेशर सांगतो, पातळी नाही. तो लागतो तेव्हा ऑइलचा पंप हवा ओढायला लागलेला असतो. तिथेच गाडी बंद करा, "पुढच्या पेट्रोल पंपावर बघू" म्हणू नका.

गळतीला जळणं समजणं

"खाली थेंबसुद्धा पडत नाही, म्हणजे जळतंच आहे." हा तर्क चुकतो, कारण काही गळत्या फक्त इंजिन चालू असताना, प्रेशर असताना होतात. ऑइल प्रेशरचा स्विच आणि फिल्टरची बैठक ही त्यातली नेहमीची ठिकाणं. वाऱ्याने ते ऑइल इंजिनच्या मागच्या अंगाला आणि खालच्या पत्र्याला जाऊन चिकटतं, पार्किंगमध्ये काहीच दिसत नाही. पावसाळ्यात चिखल बसलेलं इंजिन असेल तर विचारूच नका.

आधी इंजिन डिझेल-ब्रशने स्वच्छ करून घ्या. प्रेशरच्या पाण्याने धुणार असाल तर डिस्ट्रिब्युटर, कॉइल आणि वायरिंगचे जोड झाकून. सुकल्यावर संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरा आणि वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आणा. ओली रेघ जिथून सुरू होते तिथे गळती. नेहमी सर्वांत वरची ओली जागा धरायची, कारण ऑइल खाली उतरतं. चेंबर ओला दिसला म्हणून चेंबरचं पॅकिंग बदलतात आणि गळत असतं टॅपेट कव्हर (इंजिनवरचं सगळ्यात वरचं झाकण).

आणखी दोन गोष्टी. ऑइल बदलताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहते आणि नवा फिल्टर तिच्यावर बसवला जातो. दोन रिंगा एकावर एक बसल्या की गळणारच. आणि गिअरबॉक्स-इंजिनच्या जोडातून थेंब येत असतील, वर क्लच घसरत असेल, तर क्रँकचं मागचं ऑइल सील गेलंय. त्याला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून क्लच प्लेटचं काम निघेल तेव्हाच सीलही करून घ्या.

धूर चुकीच्या वेळी बघणं

गॅरेजमध्ये गाडी उभ्या उभ्या रेस करून "बघा, धूर" म्हणतात. त्यातून फार काही कळत नाही. धूर कसा आहे यापेक्षा केव्हा येतो ते महत्त्वाचं.

सकाळी पहिल्या स्टार्टला निळसर धुराचा एक लोट येतो आणि मग स्वच्छ? व्हॉल्व सील, म्हणजे व्हॉल्वच्या दांड्यावरची रबरी सीलं. रात्रभर हेडमधलं (इंजिनच्या वरच्या भागातलं) ऑइल कडक झालेल्या सीलमधून गाइडवाटे (व्हॉल्वचा दांडा सरकतो त्या नळीतून) खाली झिरपतं आणि स्टार्ट केल्यावर जळतं. सिग्नलला दोन-तीन मिनिटं थांबून निघताना लोट येत असेल तरी संशय तिथेच.

उत्तम परीक्षा घाटात होते. नाशिकहून येताना कसारा घाट गिअरमध्ये, अॅक्सिलरेटर सोडून उतरा. थ्रॉटल (इनटेकची झडप) बंद, इंजिन मात्र चाकांच्या जोरावर फिरतंय, त्यामुळे इनटेकमध्ये जोरदार व्हॅक्यूम तयार होतो आणि गाइडमधून ऑइल आत ओढलं जातं. खाली सपाटीला लागल्यावर अॅक्सिलरेटर द्या आणि मागच्या गाडीतल्या मित्राला फोनवर विचारा. निळा ढग सुटला तर सील-गाइड. उलट घाट चढताना, लोडवर, सतत निळा धूर निघत असेल तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत).

थंडीतली सकाळची पांढरी वाफ ही वाफच असते. पांढरा धूर थांबतच नसेल आणि कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) तपासा. पण ऑइल भरायच्या टोपीच्या आत पिवळट मलई दिसली की लगेच हेड गॅस्केटवर येऊ नका. पावसाळ्यात कमी चालणाऱ्या गाडीत ओलाव्यानेही ती जमते.

धूर दिसत नाही म्हणजे ऑइल जळत नाही, असंही नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा, सायलेन्सरच्या वाटेवरचा डबा) असलेल्या गाडीत बेताचं ऑइल जळून धुराशिवाय निघून जातं. त्या ऑइलमधलं फॉस्फरस मात्र कन्व्हर्टर खराब करत राहतं, आणि मग पीयूसीला गाडी अडते.

ब्रेदरकडे न बघणं

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी जागा. टॅपेट कव्हरपासून इनटेककडे एक रबरी पाइप जातो, बऱ्याच गाड्यांत त्याच्या तोंडाशी छोटा पीसीव्ही व्हॉल्व (पोटातल्या हवेला वाट देणारी झडप) असतो. तो काजळीने बुजला की इंजिनच्या पोटातला दाब बाहेर पडायला जागा शोधतो : सीलांमधून ऑइल ढकलतो, कधी दांडीसुद्धा वर उचलतो. व्हॉल्व उघडाच अडकला तर उलटं, ऑइल सरळ इनटेकमध्ये खेचलं जातं.

व्हॉल्व काढून कानाशी हलवा, आतून खडखड आली पाहिजे. एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल साचलंय का बघा. मग इंजिन आयडलवर ठेवून ऑइलची टोपी काढा आणि तोंडावर पातळ प्लास्टिकचा तुकडा धरा. पीसीव्ही असलेल्या इंजिनात तो हलका आत ओढला जायला हवा. तिथून ठेक्यात धूर फेकला जात असेल आणि पाइप-व्हॉल्व साफ केल्यावरही थांबत नसेल, तर मात्र रिंगांतून दाब खाली येतोय.

"कंप्रेशन चांगलं, म्हणजे रिंगा चांगल्या"

कंप्रेशन टेस्ट (सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं) करून घ्याच. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. एखादा सिलिंडर कमी निघाला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग-बोअर, नाही वाढला तर व्हॉल्व किंवा गॅस्केट. इथवर बहुतेक मेकॅनिक बरोबर असतात.

पण दाब धरतात त्या वरच्या दोन रिंगा. बोअरवरचं ऑइल खरवडून खाली पाठवते ती तिसरी, ऑइल रिंग. ती कार्बनने खाचेत अडकली किंवा तिच्यामागची भोकं बुजली, तर कंप्रेशन उत्तम असतानाही गाडी ऑइल पिते. टोयोटाच्या 2.4 लिटरच्या 'टू-एझेड-एफई' इंजिनाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. अमेरिकेत 2007 ते 2009 च्या कॅम्रीत ही तक्रार इतकी वाढली की कंपनीला सुधारित पिस्टन आणि रिंगा बदलून द्याव्या लागल्या. आपल्याकडे हा कार्बन बहुतेक वेळा ऑइल उशिरा बदलल्याने बसतो. सीएनजीच्या गाड्यांत तर हे सहज होऊ शकतं, कारण ऑइल लवकर काळं पडत नाही आणि मालकाला वाटतं अजून चालेल.

प्लगही बघा, पण नीट. टोक ओलं-काळं असेल तर ऑइल सिलिंडरमध्ये येतंय. टोक स्वच्छ आणि फक्त वरचा भाग ऑइलमध्ये बुडालेला असेल तर प्लगच्या खोबणीचं सील गळतंय, रिंगांचा काही संबंध नाही.

जाड ऑइल टाकून वेळ मारून नेणं

अँबॅसिडर-पद्मिनीच्या काळातला 20डब्ल्यू-50 या जाड ऑइलचा उपाय अजून सुचवला जातो. त्या इंजिनांना तो शोभत होता. नंतरच्या बारीक ऑइलवाटांच्या, हायड्रॉलिक टॅपेटच्या इंजिनात सकाळी ते ऑइल वर पोहोचायला वेळ लावतं आणि तेवढा वेळ कॅम कोरडा घासतो. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडांपैकी जाड बाजूची निवडा, त्यापलीकडे नको. सील मऊ करणारी औषधं कडक झालेल्या रबराला थोडी लागू पडतात, झिजलेल्या रिंगला नाही.

काम अर्धवट करून घेणं

व्हॉल्व सीलसाठी दर वेळी हेड काढायची गरज नसते. जाणता मिस्त्री प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी सिलिंडरमध्ये सरकवतो आणि क्रँक हाताने फिरवून पिस्टन वर आणतो. दोरीचा गठ्ठा व्हॉल्वला खालून टेका देतो, मग स्प्रिंग दाबून लॉक काढायचे आणि सील बदलायचं. दोरीचं टोक बाहेर राहिलंच पाहिजे. त्याच वेळी व्हॉल्व बोटांनी आडवा हलवून बघायला सांगा. गाइड सैल असेल तर नवी सीलं काही महिन्यांतच पुन्हा जातील, मग हेड काढणंच बरं.

रिंगांचं काम निघालंच, तर बोअर मापल्याशिवाय नुसत्या रिंगा टाकू देऊ नका. बोअर अंडाकृती झाला असेल तर नव्या रिंगा त्यात बसणारच नाहीत. बोअरिंग करून (बोअर कापून मोठा करून) ओव्हरसाइज पिस्टन लागतो. माप ठीक असेल तरी होनिंग (बोअरवर बारीक खरखरीत रेघा पाडणं) हवंच, गुळगुळीत बोअरवर रिंग बसत नाही. आणि काम झाल्यावर पहिले काही दिवस गाडी फार जपून, सतत कमी लोडवर चालवू नका. रिंगा बसायला दाब लागतो, मध्यम चढ आणि बदलता वेग चांगला.

डिझेलवाल्यांसाठी

टर्बो डिझेलमध्ये रिंगांआधी टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) बघा. इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या रेडिएटरचा) पाइप काढून आत बोट फिरवा. हलकी ओल चालते, ऑइल साचलेलं असेल तर टर्बोची सीलं किंवा त्याचा ऑइल परतीचा पाइप तपासा. हे टाळलं तर धोका मोठा आहे. डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल इंधन म्हणून पिऊन सुसाट पळायला लागतं आणि किल्ली बंद करूनही थांबत नाही. मॅन्युअल गिअरच्या गाडीत अशा वेळी ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाका, क्लच सोडा आणि इंजिन बंद पाडा. बॉनेट उघडून वर वाकायला जाऊ नका.