मिठाची विद्राव्यता (ठरावीक पाण्यात किती मीठ विरघळतं ते) मोजताना

पावसाळ्यात ठाण्यातल्या दमट हवेत बरणीतलं मीठ ओलं होतं आणि वजन चुकतं. आधी ते तव्यावर मंद आचेवर कोरडं करा, पूर्ण गार झाल्यावरच 25 ग्रॅम मोजा. 50 मिली पाण्यात पहिले 15 ग्रॅम एकदम घालून ढवळा. पुढे मात्र चिमूटभरच, तेही आधीचं विरघळल्यावर. दोन मिनिटं ढवळूनही तळाशी दाणे राहिले की थांबा, पाण्यात न घातलेलं, उरलेलं मीठ तोला. साधारण 18 ग्रॅम विरघळलेलं असायला हवं.

पाणी गढुळलं म्हणजे द्रावण संपृक्त झालं, म्हणजे त्यात आणखी मीठ विरघळणार नाही, असं समजू नका. पाकिटातल्या मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून मिसळलेली पूड विरघळत नाही, त्यामुळे तसं दिसतं. तापमानाचा परिणाम दाखवायचा असेल तर साखरच घ्या. मिठात तो जेमतेम दिसतो.