गोल्फ: कडक मैदानावर चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका) ‘टॉप’ होत होती, त्यावरचा इलाज
उन्हाळ्यात साताऱ्याकडची मुरमाड जमीन इतकी टणक होते की ५६ डिग्रीचा सँड वेज (वाळूतून चेंडू काढायचा क्लब) आपटून उसळतो आणि धार थेट चेंडूच्या पोटात बसते; १५ यार्डांची चिप ४० यार्ड पळते. दोष बाउन्सचा, म्हणजे क्लबच्या तळाच्या फुगवट्याचा. वाळूत कामी येणारा हा फुगवटा इथे नडतो. म्हणून ९ नंबरचं आयर्न (वेजपेक्षा कमी तिरक्या तोंडाचा क्लब) घेतलं. चेंडू मागच्या पायाच्या अंगठ्यासमोर, ६०-७० टक्के भार पुढच्या पायावर, हात चेंडूच्या किंचित पुढे, मनगटं शांत. चेंडू उचलायला जायचं नाही, ते काम लॉफ्टचं, म्हणजे क्लबच्या तोंडाच्या तिरकेपणाचं. सरावाला चेंडूमागे वीतभर अंतरावर पंचा पसरायचा. क्लब त्याला लागला तर समजा, भार मागेच राहिलाय. चेंडू कमी उडून जास्त घरंगळतो, तेव्हा टप्पा अलीकडे धरायचा. पावसाळ्यात जमीन मऊ झाली की मात्र वेजच बरा, आयर्न मातीत रुततं.